त्यांचे सर, आमचे चाचा

आर्णीच्या आमच्या फुटबॉल क्लबात नव्या खेळाडूला जर्सीच्या आधी चाचांची शिवी मिळायची. शिवी म्हणजे आईबहिणीवरची नव्हे. त्या बाबतीत आमचे प्रशिक्षक चाचा फार सोवळे. त्यांचा सगळा भर जनावरांवर असायचा. पळायला कंटाळा केला की बैल, चेंडू हुकला की मेंढरू, आणि संताप अगदीच अनावर झाला की ‘सोयाबीनचं पोतं’. मी स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. उंचापुरा आहे आणि जरासा सुस्तही आहे, त्यामुळे पोतं बहुतेक वेळा मीच असायचो.

चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी, उन्हाळ्यात बंद पडलेले कूलर, असं सगळं त्यांच्या पुढ्यात उघडून पडलेलं असतं. दुकानात ते इतकं हळू बोलतात की गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावं लागतं. मैदानावर पाऊल टाकलं की मात्र त्यांचा आवाज पार कापसाच्या जिनिंग मिलपर्यंत जायचा. तिथले हमाल म्हणे आवाजावरून सांगायचे, आज आपले हरून राह्यले.

शाळेत असताना मी कबड्डी खेळायचो. चाचांनी मला तिथून उचलून फुटबॉलमध्ये आणलं, माझ्या वडिलांना न विचारता. आज मी कृषी केंद्र चालवतो, दोन पोरांचा बाप आहे, गुडघा कुरकुरतो, तरी क्लबचा कप्तान आहे. मैदान सोडायचा विषय काढला की चाचा ऐकू न आल्यासारखं करायचे.

तर सांगायची गोष्ट ही, की आम्ही पुन्हा एकदा फायनल हरलो, आणि पुन्हा त्याच संघाकडून. ते शेजारच्या तालुक्यातले. आम्ही त्यांना नुसतं ‘पलीकडचे’ म्हणतो, नाव घेतलं तर तोंड कडू होतं. हरल्यावर आमच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. अध्यक्षांचं मोबाईलचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते परदेशी क्लबांचे व्हिडिओ बघतात, आणि गिऱ्हाईक फारसं नसतंच.

“मोठे मोठे क्लब काय करते?” अध्यक्ष म्हणाले. “समोरच्यानं काय केलं ते पायते आन तसंच करते. त्यायनं प्रशिक्षक बदलला का हे बदलते, त्यायनं कप्तान बदलला का हे बदलते. त्याच्यात लाज कायची?”

मग त्यांनी मुद्दा मांडला. पलीकडचे जिंकतात कारण त्यांच्याकडे माणसं सांभाळायची पद्धत आहे. आपल्याकडे नुसता आरडाओरडा आहे. येत्या हंगामात आपण त्यांच्यासारखं वागायचं. चाचांना जमलं आणि कप आला तर उत्तम. नाही आला तर चाचांचा सत्कार करायचा आणि बाहेरचा माणूस आणायचा.

चाचा तिथेच बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी स्कूटर चालू केली, मग पुन्हा बंद केली आणि मला म्हणाले, “कप्तान, मले जे सांगतीन ते करतो मी. नाचा म्हटलं तं नाचतो. फक्त टीम मायाजवळून नेऊ नोको म्हना.”

असं त्यांना कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, कप आणतोच, आणि मनात अध्यक्षांना दोन जनावरांची नावं दिली.

आता पलीकडच्यांची पद्धत शिकायची म्हणजे ती आधी कळायला हवी. हेर कोण? आमच्या गोलकीपरची सासुरवाडी नेमकी त्याच गावात निघाली. अध्यक्षांनी त्याला पोळ्याच्या सुट्टीला जोडून तिकडे पाठवलं. जावई आला म्हटल्यावर सासरच्यांनी त्याला हलू दिलं नाही. सकाळी पुरणपोळी, दुपारी मटन, संध्याकाळी मेहुण्यांनी कौतुकाने मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून दिली. खुर्ची कडुलिंबाच्या सावलीत, म्हणजे मैदानापासून बरीच लांब. तिथून जेवढं दिसलं तेवढं आमच्या हेराने पाहिलं, आणि चांगला गुबगुबीत होऊन परतला.

त्याचा अहवाल असा. एक, त्यांचे सर खेळाडूंच्या घरी जातात, बसतात, चहा घेतात. दुसरं, तिकडे एकटा कप्तान नाही, चार जण मिळून ठरवतात. आणि तिसरं, जे ऐकून अध्यक्षांचे डोळेच चमकले, त्यांचे सर मैदानावर एक शब्द बोलत नाहीत. हाताची घडी घालून उभे राहतात. फार झालं तर मान हलवतात.

“याले म्हंते नेतृत्व,” अध्यक्ष म्हणाले.

पहिला प्रयोग घरभेटींचा. खरं तर चाचा आमच्या घरी आठवड्यातून चारदा यायचे. थेट स्वयंपाकघरात जाऊन झाकण उचलून बघायचे आणि माझ्या बायकोला, तिखट कमी टाकत जा, असं सांगून निघायचे. पण पद्धत म्हणजे पद्धत. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, दारातच थांबले आणि कडी वाजवली. बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. चाचांना असं दारात उभं बघून तिने हात पदरालाच पुसले.

“काय झालं चाचा? कोनाचं काही झालं का?”

“नाही. घरी सगळं ठीक आहे का ते पाहाले आलो.”

“आमच्या घरी काहून ठीक नसन?”

चाचांना पुढचं वाक्य कोणी शिकवलं नव्हतं. ते खुर्चीच्या टोकावर बसले, चहा संपवला, पंख्याकडे बघून त्याचा कॅपॅसिटर गेला असं म्हणाले आणि गेले. घरोघरी हाच प्रकार झाला. ज्याच्याकडे ते जात त्याला वाटायचं आपल्याला संघातून काढलं. आमच्या लेफ्ट विंगरने तर चहा देता देता बूट आणि जर्सी पिशवीत भरून चाचांच्या पुढ्यात ठेवली. शिवाय प्रत्येक घरी काहीतरी खाल्ल्याशिवाय कोणी सोडेना. भेटी संपल्या तेव्हा चाचांचं पोट बिघडलं होतं आणि मोटारी दुरुस्तीविना पडून होत्या.

दुसरा प्रयोग चार नेत्यांचा. माझ्या दंडावरची पट्टी तशीच राहिली, पण माझ्यासोबत आणखी तिघांना निर्णयाचा अधिकार मिळाला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पहिल्याच सराव सामन्यात आम्हाला गोलसमोर फ्री किक मिळाली. नेहमी ती कोण मारणार हे चाचा ओरडून सांगायचे. आता आम्ही चौघं चेंडूभोवती जमलो. एक म्हणाला डाव्या पायाचा माणूस हवा, दुसरा म्हणाला वारा तिकडून आहे, तिसऱ्याला मुळात आडवा पास हवा होता. मी म्हणालो, मी कप्तान आहे. त्यावर तिघेही म्हणाले, आमीबी आहो. पंचांनी घड्याळ बघितलं, शिट्टी वाजवली आणि वेळ काढल्याबद्दल मलाच पिवळं कार्ड दाखवलं.

पण खरा प्रयोग तिसराच होता, चाचांनी गप्प बसण्याचा. अध्यक्षांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एक अक्षर नाही. चाचा शब्दाचे पक्के. ते हाताची घडी घालून उभे राहिले. पहिल्या सामन्यात त्यांचा चेहरा बघून एक प्रेक्षक पाणी घेऊन धावला होता. माझ्या हातून चेंडू निसटला की मी सवयीने बाकाकडे बघायचो. चाचांचे ओठ हलायचे, मान थरथरायची आणि मग ते जमिनीकडे बघायचे. मला शिवी खाण्यापेक्षा त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

आणि गंमत म्हणजे आम्ही जिंकत गेलो. स्पर्धेत आमच्या वाटेला कच्चे संघ आले होते, हे कोणालाही दिसलं असतं. अध्यक्षांना मात्र शांततेचा विजय दिसला. ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. रिचार्ज मारायला आलेल्या माणसालाही नेतृत्वावर व्याख्यान ऐकल्याशिवाय जाता येत नव्हतं.

फायनल कळंबला होती, आणि समोर अर्थातच पलीकडचे. सकाळी काही पोरं चिंतामणीच्या दर्शनाला जाऊन आली. मी बौद्ध, चाचा मुसलमान, पण पोरांनी आणलेला पेढा आम्ही दोघांनी निमूट खाल्ला. नाही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. चाचा पेढा चावत म्हणाले, “आज काहीबी चालन.” संध्याकाळपर्यंत टीम त्यांची राहणार की नाही ते ठरणार होतं, आणि आम्हा दोघांना सोडून ते जणू कोणाच्या लक्षातच नव्हतं.

टॉससाठी मी मधे गेलो. पलीकडचा कप्तान माणूस चांगला आहे, कापसाच्या हंगामात माझ्याच दुकानातून औषधं नेतो. मी सहज म्हणालो, “तुमचे सर इतके शांत कसे राह्यते भाऊ? आमाले तं जमतच नाही.”

तो हसायला लागला. “कायचे शांत? त्यायच्या तोंडात खर्रा असते ना! मैदानात थुंकले मून मागं पंचानं बाहेर काढलं होतं त्यायले. तवापासून मॅचभर गालात धरून ठेवते. बोलतीन कसे?”

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्या भागात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. आमच्या गोलकीपरला सासुरवाडीच्या खुर्चीवरून बंद तोंड दिसलं होतं, आत काय आहे ते दिसलं नव्हतं. आणि त्या बंद तोंडासाठी आम्ही चाचांचं तोंड शिवून टाकलं होतं.

“आमच्या अध्यक्षाले तं त्याचा लय राग येते,” तो पुढे म्हणाला. “म्हंते, त्या आर्णीवाल्यायकडं चाचा आहे, पोरं कसे जीव तोडून पळते. आपल्याकडं ओरडनारा कोनी नाही. मून यंदा मानूस आनला. पाय तिकडं.”

मी बघितलं. त्यांच्या सरांच्या बाजूला एक लठ्ठ गृहस्थ गळ्यात रुमाल बांधून उभे होते. एरवी ते रिक्षाला भोंगा लावून गावोगावी साड्यांच्या सेलची घोषणा करत फिरायचे. पलीकडच्यांनी म्हणे आमच्या जुन्या सामन्यांचे मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवून त्यांना तयार केलं होतं.

सामना सुरू झाला आणि तिकडून आवाज आला, “अबे बैला, पळ ना! मेंढरू आहे का बे तू?”

शब्द चाचांचे, सूर साडी सेलचा. कुठे काय ओरडायचं याचा त्या गृहस्थांना पत्ता नव्हता. गोल वाचवला तरी बैल, पंचांनी शिट्टी वाजवली तरी बैल. पण पलीकडची पोरं पळत होती खरी. आमच्या बाकाजवळ चाचा हाताची घडी घालून आपलेच शब्द ऐकत उभे होते.

मध्यंतरापर्यंत आमच्यावर एक गोल झाला होता. मी धावतच बाकाकडे गेलो आणि धापा टाकत चाचांना सगळं सांगितलं. “बोला चाचा. शिव्या द्या. आता तरी द्या.”

अध्यक्ष मधे आले. “नाही. ठरलं ते ठरलं. पद्धत मधात सोडाची नसते.”

“कायची पद्धत? त्या मानसाच्या तोंडात खर्रा आहे!” मी इतक्या जोरात ओरडलो की पंच वळून बघायला लागले.

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता फुटेल बांध. ते कानाशी येऊन, दुकानात बोलतात त्या आवाजात म्हणाले, “शब्द देल्ला आहे बे मी.” आणि पुन्हा जाऊन उभे राहिले.

आम्ही हरलो. पलीकडचे आमच्यापेक्षा चांगले खेळले, हेही लिहायला हवं. पण मला त्या दिवशी ते मान्य नव्हतं आणि मी जर्सी काढून पिशवीत कोंबली.

सत्कार लगेचच झाला. शाल, नारळ, अध्यक्षांचं भाषण. भाषणात चाचांना क्लबचा पाया म्हटलं गेलं. मला मागच्या रांगेत बसून इतका संताप आला की मी चहा न घेता उठलो. चाचांनी शाल नीट घडी करून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दुकान उघडलं.

पुढच्याच आठवड्यात पलीकडचे अध्यक्ष त्यांच्या दुकानात आले. साडीवाल्या गृहस्थांचा घसा बसला होता आणि नक्कल करून भागत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. सरांच्या जोडीला त्यांना खरा माणूस हवा होता. ते गेल्यावर चाचांनी मला बोलावून घेतलं.

“जाऊ का?” त्यांनी विचारलं. समोर उघडी मोटार होती आणि त्यांची बोटं तांब्याच्या तारेत होती.

“मले काय इचारता? जा ना,” मी म्हणालो. मला वाटत होतं, हा माणूस नाही म्हणेल. त्यांनी मान डोलावली आणि तार गुंडाळत राहिले. त्यांना मैदान हवं होतं, ते आम्ही काढून घेतलं होतं, मग त्यांनी कशाला नाही म्हणावं? हे सगळं मला कळत होतं आणि तरी राग जात नव्हता.

चाचा स्कूटरवरून शेजारच्या तालुक्यात जाऊ लागले. आमच्याकडे बाहेरून नवे सर आले. तरुण, हसतमुख, मला अहोजाहो करणारे. सराव फार व्यवस्थित घेतात. आमचे पास सुधारले, पोरं वेळेवर यायला लागली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बरं झालं, काही अडलं नाही. बायको म्हणायची, मग चाचांची स्कूटर रस्त्यावरून गेली की जेवता जेवता उठून खिडकीत कशाला जाता?

नव्या हंगामातली पहिली गाठ बोरी अरबला पडली. बाजाराला लागून मैदान, दोन्ही बाक एकाच बाजूला. चाचा पलीकडच्यांच्या रंगाची टोपी घालून उभे होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. सामना सुरू झाला तसा त्यांचा आवाज लागला, तोच, जराही न बसलेला. त्यांची पोरं पळत होती. आमच्यातली दोघं-तिघं जुनी पोरंही उगीच पळायला लागली.

शेवटाकडे बरोबरी होती. लांबून आलेला चेंडू मी आमच्या अर्ध्या भागात, कडेला, अडवला. पलीकडच्यांच्या बाकापासून चारदोन हातांवर होतो. वेळ आहे असं समजून मी मान वर करून पास कोणाला द्यायचा ते शोधत होतो.

“अबे कप्तान, मागं पाय! मागं!”

मी वळलो. त्यांचा फॉरवर्ड माझ्या पाठीशी अगदी येऊन ठेपला होता, पाय पुढे टाकतच होता. मी कसाबसा चेंडू बाहेर भिरकावला. तो निसटला असता तर समोर मोकळा गोल होता.

दोन्ही बाकांवरची माणसं चाचांकडे बघायला लागली. पलीकडचा कप्तान दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्या मागे कोणीच नव्हतं. त्यांचे अध्यक्ष खुर्चीतून उठले. “चाचा! तो आपला नाही!”

चाचांनी टोपी काढली. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं, मग त्या फॉरवर्डकडे आणि मग माझ्याकडे. मी जागचा हललो नव्हतो. इतक्या महिन्यांनंतर आमची नजर पहिल्यांदा भिडली, आणि चाचा भडकले.

“मायाकडं काय पाहून राह्यला बे? खेळ ना!”

त्यांच्या खेळाडूने थ्रो घेतला, आमची पोरं माझ्या नावाने ओरडत होती. मी खेळायला वळलो, पण डोळे भरून आले होते आणि चेंडू कुठे आहे ते मला दिसत नव्हतं.